चांद्रप्रवासाची पूर्वतयारी आणि वऱ्हाडचा काळा कातळ

अनसिंग (जि. वाशिम) : वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंग परिसरात विहीर खोदताना माती आणि मुरूम संपला, की काळा कातळ लागतो. सुरुंग लावल्याशिवाय तो फुटत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अडचणीचाच. भूशास्त्रात या कातळाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे काळसर डागही बेसाल्टचेच आहेत. मात्र तेथील खडक बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुना आहे.

मानवाला चंद्राभोवती फिरवून सुखरूप परत आणण्याच्या मोहिमेत प्रक्षेपक आणि यान यांच्याइतकेच महत्त्व जमिनीवरील तयारीला असते. खडकांचा अभ्यास हा या तयारीचाच एक भाग होय. चंद्रासारख्या बेसाल्टी भूमीवर उल्कापाताने घडलेले आणि उत्तम स्थितीत टिकलेले विवर वाशिमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे आहे. त्या दृष्टीने या तयारीचा हा आढावा.

पहिली प्रदक्षिणा

मानवाने चंद्राला पहिली प्रदक्षिणा घातली ती 'अपोलो-८' मोहिमेत. २१ डिसेंबर १९६८ रोजी फ्रँक बोरमन, जेम्स लोव्हेल आणि विल्यम अँडर्स या तिघांनी पृथ्वीवरून उड्डाण केले. २४ डिसेंबरला यान चंद्राच्या कक्षेत शिरले, सुमारे वीस तासांत त्याने दहा प्रदक्षिणा पूर्ण केल्या आणि २७ डिसेंबरला ते प्रशांत महासागरात उतरले. सॅटर्न-५ प्रक्षेपकाचे हे केवळ तिसरे उड्डाण होते. माणसे घेऊन जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

या मोहिमेतील सर्वांत कसोटीचा क्षण परतीचा होता. चंद्राच्या कक्षेतून बाहेर पडण्यासाठी यानाचे मुख्य इंजिन सुरू होणे अनिवार्य होते आणि त्याला पर्याय नव्हता. ते सुरू करायचे होते चंद्राच्या पलीकडच्या बाजूस, जेथून पृथ्वीशी रेडिओ संपर्क होऊच शकत नाही. यान चंद्राआडून बाहेर येऊन संदेश मिळेपर्यंत ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला केवळ वाट पाहणे शक्य होते.

परतीचा मार्ग आधी

या अनुभवामागचे सूत्र आजही तेच आहे. चंद्राकडे जाण्याच्या मार्गाची आखणी करतानाच परतीचा मार्ग निश्चित करावा लागतो. त्यासाठी 'मुक्त परतीचा मार्ग' ही कल्पना वापरली जाते. यान अशा बेताने सोडले जाते, की चंद्राच्या मागून वळसा घेताना त्याच्याच गुरुत्वाकर्षणाने ते पुन्हा पृथ्वीकडे वळावे. इंजिन बंद पडले तरी घरची वाट शिल्लक राहते.

एप्रिल १९७० मधील 'अपोलो-१३' मोहिमेत या मार्गाने तिघांचे प्राण वाचले. उड्डाणानंतर तिसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. त्या वेळी यान मुक्त परतीच्या मार्गावरून आधीच बाजूला झालेले होते. चंद्रावर उतरण्यासाठी असलेल्या छोट्या यानाचे इंजिन चालवून त्याला पुन्हा त्या मार्गावर आणण्यात आले. याच छोट्या यानात तिघांनी आश्रय घेतल्याने तेथील कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. मुख्य यानातील शोषक डबे चौकोनी, तर छोट्या यानातील खाचा गोल होत्या. जमिनीवरील अभियंत्यांनी यानात उपलब्ध असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांतून जोडणी तयार करून तिची कृती तोंडी सांगितली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप परतले.

परतीचा शेवटचा टप्पा म्हणजे वातावरणातील प्रवेश. पृथ्वीलगतच्या कक्षेतून उतरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर असतो, तर चंद्रावरून येणाऱ्या यानाचा सुमारे ११ किलोमीटर. त्यामुळे उष्णतारोधक कवचावर पडणारा ताण कितीतरी वाढतो. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये 'आर्टेमिस-१' ही मानवरहित मोहीम चंद्राजवळ जाऊन परतली, तेव्हा ओरायन यानाच्या कवचाचा जळालेला थर अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने तुकड्यातुकड्यांनी निघाल्याचे आढळले. आतील वायूंना बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने कवचाला भेगा गेल्या, असा निष्कर्ष तपासाअंती निघाला. 'आर्टेमिस-२' या मानवसहित मोहिमेसाठी वातावरण-प्रवेशाच्या मार्गात बदल करण्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. चार अंतराळवीरांच्या जिवाचा प्रश्न असल्याने वेळापत्रक पुढे ढकलणे स्वीकारण्यात आले.

जमिनीवरचे कान

चंद्रापर्यंत रेडिओ संदेश पोहोचण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने एका ठिकाणच्या अँटेनाला चंद्र सतत दिसत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा अशा पृथ्वीच्या तीन बाजूंना असलेल्या केंद्रांवरून अमेरिका आपल्या यानांशी संपर्क ठेवते. भारताने चांद्रयान-१ साठी बंगळूरजवळ ब्यालालू येथे ३२ मीटर व्यासाची अँटेना उभारली.

महाराष्ट्रातही असे कान आहेत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचे मूळ काम खगोलीय संशोधनाचे. तरीही १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'शियापारेल्ली' यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश याच दुर्बिणीने टिपला होता.

खडक वाचण्याचे शिक्षण

चंद्राभोवती फिरणाऱ्या प्रवाशाला खडकांचे ज्ञान कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर १९७१ च्या 'अपोलो-१५' मोहिमेत मिळते. सहकारी चंद्रावर उतरले असताना आल्फ्रेड वर्डेन कक्षेतून निरीक्षण करीत होते. भूशास्त्रज्ञ फारूक अल-बाझ यांनी त्यांना प्रशिक्षण दिले होते. वर्डेन यांनी टॉरस-लिट्रोव्ह भागात ज्वालामुखीच्या राखेसारखे शंकू दिसल्याचे कळविले. पुढे १९७२ मध्ये 'अपोलो-१७' याच भागात उतरविण्यात आले.

हे शिक्षण पृथ्वीवरच घ्यावे लागते. अपोलोच्या अंतराळवीरांनी आइसलँडच्या लाव्हाभूमीवर आणि ॲरिझोनातील उल्काविवरात सराव केला. 'आर्टेमिस-२' च्या चमूनेही २०२४ मध्ये आइसलँड गाठले होते.

लोणारचे वेगळेपण

ॲरिझोनाचे विवर प्रसिद्ध असले, तरी ते वालुकाश्म आणि चुनखडकात घडले आहे. चंद्राच्या सपाट प्रदेशात तसा खडक नाही. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर मात्र बेसाल्टमध्ये आहे. बराच काळ ते ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज होता. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांचा संयुक्त अभ्यास प्रसिद्ध झाला. छिद्रण करून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघाताने चुरडलेला खडक आणि काचेत रूपांतरित झालेली खनिजे आढळली होती. आघाताने घडलेली अशीच काच चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांतही सापडते. विवराच्या वयाबाबत मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

चंद्राचे प्रत्यक्ष खडकही महाराष्ट्रात अभ्यासले गेले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलो मोहिमांतील नमुन्यांवर संशोधन केले होते.

भारताची वाटचाल

चांद्रयान-३ चे अवतरण २३ ऑगस्ट २०२३ रोजी यशस्वी झाले. त्या प्रक्षेपकाच्या जडणघडणीत विक्रोळी येथील गोदरेज आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील कारखान्यांचा वाटा होता. या मोहिमेतील वाहक यान पुढे चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीच्या कक्षेत आणण्यात आले. परतीच्या प्रवासाचा तो छोटा सराव होता. 'गगनयान' साठी निवडलेल्या चौघांपैकी शुभांशु शुक्ला यांनी जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वास्तव्य केले. २०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

त्या अंतराळवीरांना आघातविवर प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर परदेशी जाण्याचे कारण नाही. मात्र लोणारचे महत्त्व केवळ सरोवराच्या पाण्यात नाही. विवराची कड आणि आघाताच्या वेळी बाहेर फेकलेला दगडगोटा हीच तेथील खरी नोंदवही होय. लोणारला २००० मध्ये अभयारण्याचा आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हे संरक्षण काठाबाहेर पसरलेल्या त्या दगडांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. एकदा हलविलेला दगड पुन्हा जागेवर ठेवता येतो, पण त्याने जपलेली नोंद परत मिळत नाही.