माहुली ज्वालामुखी आहे का? (आणि माझी कोरडी बोअर)



मागच्या उन्हाळ्यात वरकस जमिनीवर बोअर मारली. ३०० फूट खाली गेलो, धुळीशिवाय काही हाती लागलं नाही. पैसे गेले ते गेलेच. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. मशीनमधून आधी काळी भुकटी आली, मग थोडे फूट विटेसारखी लाल, आणि पुन्हा काळी. बघायला आलेले शेजारचे काका म्हणाले, "माहुलीचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी. खाली सगळी भाजलेली माती असणार." काकांचं अर्धं बरोबर निघालं. उरलेलं अर्धं समजून घ्यायला माझा सगळा पावसाळा गेला. इथे मांडतोय, कारण आपल्या विहिरींशी त्याचा थेट संबंध आहे.

ज्वालामुखी एका जातीचे नसतात. जात ठरते ती मुख्यतः आतल्या रसाच्या घट्टपणावर. वितळलेल्या दगडात सिलिका कमी असली की रस पेजेसारखा पातळ, ताटात ओतला की पसरणारा. सिलिका जास्त असली की पिठल्यासारखा घट्ट. मग आतला वायू कोंडतो आणि झाकण उडावं तसा डोंगराचा माथाच उडतो.

घट्ट रसाचा डोंगर उंच, उभ्या उताराचा. राख आणि लाव्हा यांचे थर एकावर एक. इंडोनेशियाचा तांबोरा असाच. तो १८१५ मध्ये फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, उभी पिकं गारठून गेली. पातळ रसाचा डोंगर पालथ्या ढालीसारखा पसरट, जसा हवाईचा मौना लोआ. तिसरी जात राखेच्या ढिगाची. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ ला दिओनिसियो पुलिदो नावाचा शेतकरी मक्याच्या शेतात काम करत होता. त्याच्या डोळ्यांसमोर जमीन फाटली, धूर आणि राख यायला लागली. वर्षभरात तिथे ३०० मीटरच्या वर डोंगर उभा राहिला. तो १९५२ पर्यंत धगधगत होता, दोन गावं गाडली गेली. शेत गेलं म्हणजे काय, ते त्या माणसाला विचारावं. आपल्या देशात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा.

आता चौथी जात, म्हणजे आपली. हिला डोंगरच नसतो. जमिनीला लांबच लांब भेगा पडतात आणि त्यातून पातळ रस उतू जातो. आइसलँडमध्ये १७८३ च्या जूनमध्ये लाकी इथे अशी सुमारे २५ किलोमीटरची भेग फुटली, ती आठ महिने वाहिली. लाव्ह्यापेक्षा वायूनं जास्त घात केला. गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन निम्म्याहून जास्त जनावरं मेली. त्यामागून दुष्काळ आला आणि देशातली सुमारे पाचव्या हिश्श्याची माणसं गेली.

लाकी म्हणजे आपल्याकडच्या घटनेपुढे चुलीतली ठिणगी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे अशाच भेगांतून लाव्हा वाहिला. एक लोंढा थंड व्हायचा, काही काळानं त्यावर दुसरा. आज उरलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. बहुतेक अभ्यासक मानतात की तेव्हा आपल्याखाली असलेली चूल आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

म्हणजे माहुली हा ज्वालामुखी नाही. तो त्या थरांचा उरलेला तुकडा. आजूबाजूचं पावसानं आणि नद्यांनी झिजवून नेलं. किल्ला आणि ते उभे सुळके राहिले. आसनगावजवळ गाडीतून नीट बघा: उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. पायऱ्याच जणू. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडंसुद्धा ज्वालामुखीची नव्हेत. भेगांतून खोल गेलेलं पाणी पोटातल्या उष्णतेनं तापून वर येतं.

आता पाण्याचं. प्रत्येक लोंढ्याचा मधला भाग घट्ट, तो आपला काळा पाषाण. त्याला चिरा नसतील तर पाणी शून्य. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली, तो मांजऱ्या खडक. तो झिजलेला असला, चिरा असल्या की पाणी धरतो. आणि दोन लोंढ्यांमधला लाल थर, गेरू, म्हणजे मधल्या काळात उघडा पडून कुजलेला खडक, बऱ्याच ठिकाणी तेव्हाची मातीच. काकांची 'भाजलेली माती' ती हीच. गेरू चिकणमातीसारखा असतो, पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. माझ्या बोअरमध्ये त्याच्यावरही ओल नव्हती, खाली नुसता पाषाण. लाल भुकटी दिसल्यावर थांबून विचार करायला हवा होता. "अजून ५० फूट" करत गेलो.

म्हणूनच भातसा आणि तानसा याच तालुक्यात, मुंबईला पाणी इथून, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकर. पाऊस कमी नाही, पण खडकाचं पोट लहान. धरणातलं पाणी कुणाला, हा वेगळा हिशोब आणि तो मागायलाच हवा. पण आपल्या शिवारातलं पाणी कुठे मुरतं, हे आपल्यालाच कळलं पाहिजे.

तेव्हा तीन गोष्टी करा. बोअर मारताना दर १० फुटांची भुकटी पिशवीत भरून वर खोली लिहा. शेजाऱ्याला पुढच्या वेळी ती कामाला येईल. गेरू लागला तर तिथे भोक ढासळू शकतं, केसिंगचा विचार आधी करा. आणि पाणी मुरवायचे चर पाषाणावर खणू नका, मुरूम किंवा मांजऱ्या उघडा असेल तिथे खणा.

माझ्या पिशव्या ओटीवर ठेवल्यात. कुणाला बघायच्या असतील तर या, चहा होईल.