विंचू उतरवणारे आणि महाडचे डॉक्टर

कामठा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या असोत की कोकणची भातखाचरं, विंचू चावला की लोक आधी विंचू उतरवणाऱ्याकडे धावत. कुणी मांत्रिकाकडे, तर आपल्यातले दम करणाऱ्या मौलवीसाहेबांकडे. आधाराला सहीह बुखारीतली हदीस असते: दंश झालेल्या एका टोळीप्रमुखावर सहाबींनी सूरह फातिहा पढून दम केला आणि तो बरा झाला. पण त्याच हदीसमध्ये हेही आहे की, टोळीने आधी जमतील ते सगळे उपाय करून पाहिले होते. एवढंच नेमकं सांगायचं राहून जातं.

आपल्या हकीमांनी मात्र उपाय शोधणं सोडलं नव्हतं. इब्न सीनांनी ‘अल-कानून’च्या चौथ्या खंडात साप, विंचू आणि कोळी यांच्या विषांवर लिहिलं. सलाहुद्दीनचे सचिव काझी अल-फाजिल यांच्या सांगण्यावरून मूसा इब्न मैमून या यहुदी हकीमांनी कैरोत विषांवर अरबी ग्रंथ रचला.

आपल्याकडे कोळ्याच्या दंशाने माणूस दगावणं विरळाच. जीव घेतो तो लाल विंचू. 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्याची चाल टिपली. घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुफ्फुसात पाणी. आणि एक विलक्षण गोष्ट: विष अंगात भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी वेदना फारशी नसते, तो सावरू लागला की ठणका परततो. म्हणजे ‘दुखायचं थांबलं, विंचू उतरला’ असं म्हणून ज्याला घरी नेलं, त्याचीच धडगत नसे. ज्याला नुसता ठणका होता, तो एरवीही वाचलाच असता. श्रेय मात्र मंत्राला जाई.

बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. वेळेवर गोळी मिळू लागल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 70 रुग्णांवर चाचणी केली. ती 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली: प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

दम करायला कुणाची ना नाही. दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसूनही फातिहा पढता येते.