काँट्रा नृत्यातील पुरुषांचे स्कर्ट

काँट्रा नृत्य या प्रामुख्याने अमेरिकेतील सामाजिक लोकनृत्याच्या मेळाव्यांत स्त्रियांप्रमाणे काही पुरुषही स्कर्ट किंवा किल्ट परिधान करून नाचतात. हा पोशाख अनिवार्य नाही आणि तो रंगमंचावरील वेषांतरही नव्हे. उकाड्यापासून सुटका, हालचालीतील मोकळेपणा आणि गिरकीचा आनंद ही त्यामागील मुख्य कारणे होत. वस्त्रावरून नर्तकाचे लिंग किंवा नृत्यातील स्थान ठरावे काय, हा प्रश्नही या प्रथेशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

काँट्रा नृत्याचे मूळ इंग्लंडमधील ग्रामीण नृत्यांत आहे. जॉन प्लेफर्ड यांनी 1651 मध्ये लंडन येथे या नृत्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला. पुढे ती फ्रान्समध्ये व अमेरिकेतील वसाहतींत पोहोचली. एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झसारख्या युगुलनृत्यांमुळे त्यांची लोकप्रियता ओसरली, तरी न्यू इंग्लंडच्या ग्रामीण भागात परंपरा टिकून राहिली. विसाव्या शतकात राल्फ पेज व त्यांच्यानंतर डडली लॉफमन यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. 1960 व 1970 च्या दशकांत तरुण पिढी या नृत्याकडे वळली आणि तिच्यासोबत साधा, सैल पोशाखही आला.

नृत्यरचना आणि पोशाख

नर्तकांच्या जोड्या समोरासमोर दोन लांब रांगांत उभ्या राहतात. ‘कॉलर’ म्हणजे सूचना देणारी व्यक्ती पदन्यास पुकारते व वादक प्रत्यक्ष संगीत वाजवतात. साधारणतः 64 ठेक्यांचे एक आवर्तन पूर्ण झाले, की प्रत्येक जोडी पुढे सरकून नव्या जोडीसमोर येते. त्यामुळे एका नृत्यात रांगेतील बहुतेक सर्वांशी नाचण्याची संधी मिळते.

‘स्विंग’ या प्रकारात दोघे जण एकमेकांना धरून वेगाने गिरक्या घेतात. अशा वेळी घेरदार स्कर्ट फुलून वर येतो. कार्यक्रम अनेकदा दोन-तीन तास चालतो आणि सभागृहात गर्दी असते. जाड विजारीपेक्षा पातळ सुती स्कर्टमध्ये हवा खेळती राहते. गिरकीत घेर वर उडत असल्याने आत तोकडी विजार घालणे सोयीचे ठरते.

किल्टशी तुलना

किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील पुरुषांचा परंपरागत पोशाख आहे. 1745 च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने 1746 मध्ये कायदा करून तेथील पुरुषांना तो घालण्यास बंदी केली. ही बंदी 1782 मध्ये उठली. आज स्कॉटिश नृत्यसमारंभांत लोकरी किल्ट हा पुरुषाचा प्रतिष्ठित वेश समजला जातो. ग्रीसमधील फुस्तानेला हा चुणीदार झगाही तेथील पुरुषांच्या लोकनृत्यांत दिसतो. या दोन्ही वस्त्रांना पुरुषवेश म्हणून परंपरेची मान्यता आहे. काँट्रा नृत्यातील साध्या स्कर्टला तसा आधार नाही. त्यामुळे तो घालणाऱ्या पुरुषाकडे नवख्या प्रेक्षकांचे लक्ष अधिक जाते.

भूमिका आणि शिष्टाचार

प्रत्येक जोडीत दोन भूमिका असतात. त्यांना पूर्वी ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ अशा अर्थाची नावे होती. नवखा नर्तक पोशाख पाहून समोरच्याची भूमिका ओळखू पाही. मात्र स्कर्ट घातलेला पुरुष कोणतीही भूमिका घेऊ शकतो, तसेच विजार घातलेली स्त्रीही. म्हणून पोशाखाऐवजी जोडीतील डावी-उजवी जागा पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. 2010 च्या दशकापासून अनेक नृत्यमंडळांनी लिंगनिरपेक्ष नावे स्वीकारली. डाव्या बाजूच्या नर्तकास ‘लार्क’ व उजव्या बाजूच्या नर्तकास ‘रॉबिन’ या पक्ष्यांच्या नावांनी पुकारण्याची पद्धत त्यांपैकी विशेष रूढ आहे.

या बदलाबाबत नर्तकांत मतभेद आहेत. काहींना जुनी नावे परंपरेचा भाग वाटतात, तर काहींना नव्या नावांमुळे सर्वांना मोकळेपणाने सहभागी होता येते असे वाटते. स्कर्ट घालणारे सर्व पुरुष या वादात एकाच बाजूचे असतात असे नाही. काहींसाठी तो लिंगाविषयीच्या रूढ कल्पनांना दिलेला नकार असतो, तर काहींसाठी केवळ उन्हाळ्यातील सोयीचे वस्त्र.