पोटात शिरलेली दुर्बीण

पाळी जाऊन वर्षं लोटली आणि पुन्हा रक्त दिसलं, तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, पण तो अजून पिशवीबाहेर गेलेला नाही, असं कळलं की माणिकपूरच्या घरात हल्ली नवाच घोर लागतो: ऑपरेशन साध्या दुर्बिणीने करायचं की रोबोटने? वसई रोडहून लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्या माणसांना वाटत राहतं, रोबोटचा खर्च झेपला नाही तर आपण बाईच्या उपचारात कमी पडलो, असं तर होणार नाही ना? दुर्बिणीचं कूळ पाहिलं की ही धास्ती बरीच उतरते.

मूळपुरुष ड्रेस्डेनचे डॉक्टर गेऑर्ग केलिंग. पोटातला रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबवता येईल का, याचा त्यांना ध्यास होता. १९०१ साली हॅम्बुर्गला त्यांनी एका कुत्र्याच्या पोटात कापसातून गाळलेली हवा भरली आणि मूत्राशय तपासायची दुर्बीण आत सरकवली. १९१० मध्ये स्टॉकहोमचे डॉक्टर याकोबेउस यांनी तीच वाट माणसाच्या पोटात नेली.

पुढचा दुवा मला फार मोलाचा वाटतो. हंगेरीचे यानोश वेरेश क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरत. त्यासाठी त्यांनी १९३८ मध्ये एक सुई मांडली. तिची धार भिंत भेदते आणि पलीकडे पोकळी लागताक्षणी आतली बोथट नळी स्प्रिंगने पुढे उसळते, म्हणजे नाजूक अवयवाला टोक लागत नाही. क्षयावर औषधं आली, छातीत हवा भरणं मागे पडलं, पण सुई राहिली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायला ती आजही हातात घेतात.

मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बीण निदानासाठी वापरली. स्कॅनची सोय नसलेल्या गरीब रोग्याचं पोट न फाडता आत काय आहे ते कळावं, ही त्यामागची कळकळ. गावोगावच्या बायकांना मात्र दुर्बीण भेटली कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत. १९९० मध्ये उडवाडियांनी जे.जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याआधी, १९८८ साली, अमेरिकेत हॅरी राइश यांनी याच रीतीने गर्भाशय काढलं होतं.

कॅन्सरच्या बाबतीत भीती रास्त होती: छोट्या भोकांतून काम करताना रोग मागे राहिला तर? सुरुवातीच्या टप्प्यातल्या गर्भाशयाच्या कॅन्सरच्या ७६० बायकांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडलेल्यांत ८१.३ टक्के, दुर्बिणीवाल्यांत ८१.६. खरी झेप हीच, चिरेपासून भोकांपर्यंतची. मोठी चीर गेली, दुखणं कमी झालं, बाई लवकर चालू-फिरू लागली, आणि पिशवी न चिरता योनिमार्गातून अख्खी बाहेर आली.

रोबोट हा याच घराण्यातला धाकटा. रणभूमीवरच्या जखमीवर दुरून शस्त्रक्रिया करता यावी, म्हणून अमेरिकी लष्कराने पैसा पुरवलेल्या संशोधनातून तो वाढला. ‘दा विंची’ नावाच्या रोबोटला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली, स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी २००५ मध्ये. तो आपणहून काही करत नाही. साध्या दुर्बिणीत हत्यार सरळ दांड्याचं असतं, सर्जनचा हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जातं. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, हाताची थरथर गाळली जाते, सर्जन बसून खोलीसकट चित्र पाहतो. हा कॅन्सर स्थूल बायकांत जास्त आढळतो, आणि जाड पोटात खोलवर काम करताना हे मनगट कामी येतं. फिनलंडमधल्या १०१ बायकांच्या चाचणीत साध्या दुर्बिणीच्या गटात पाच जणींचं पोट शेवटी उघडावं लागलं, रोबोटच्या गटात एकीचंही नाही. वेळही वाचला, १७० मिनिटांच्या जागी १३९.

फायदा आहे, पण चिरेपासून भोकांपर्यंतच्या झेपेएवढा नाही. सरावलेल्या हातात साधी दुर्बीण असेल, तर रोबोट नाही म्हणून माणिकपूरच्या कुणी दागिने मोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, असं सर्जनला विचारायला मात्र संकोचू नये.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निराळा, तिथे हा हिशेब लावू नये. पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी त्यासाठी दुर्बिणीची ‘पुणे पद्धत’ बसवली आणि २००७ मध्ये २४८ रुग्णांचा अनुभव मांडला. पण २०१८ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिल्या त्या पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्यांत ८६. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी पाहावं, कॅन्सर पिशवीच्या अस्तराचा आहे की मुखाचा.