मर: सहा वर्षं नाव न सापडलेला रोग

आजचा भाग डाळिंबाच्या बागेतला आहे, पण गोष्ट इतिहासाची आहे.

आटपाडी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, माणदेशचा दुष्काळ आणि डाळिंबाचे सौदे. दोन्हींचं नातं जवळचं आहे. कमी पाऊस, मुरमाड रान, कोरडी हवा. बाकीची पिकं इथं हात टेकतात, डाळिंब मात्र तग धरतं. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये निवडलेलं वाण पुढं ‘गणेश’ म्हणून गाजलं. 1990 मध्ये महाराष्ट्र सरकारनं रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. मग ड्रिप आलं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ आला, आणि आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात बागाच बागा झाल्या.

आता तारखा जुळवून बघा. त्याच 1990 मध्ये, जतची हद्द ओलांडली की लागणाऱ्या विजापूर जिल्ह्यात, दोन ठिकाणी डाळिंबाची झाडं वाळताना दिसली. आधी एका फांदीची पानं पिवळी पडायची, मग दुसरीची, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अख्खं झाड उभ्या उभ्या जायचं. 1993 पर्यंत हे जिल्हाभर पसरलं. पण ही नेमकी कसली भानगड, ते कळायला 1996 उजाडलं. तब्बल सहा वर्षं!

एवढा वेळ का लागला? कारण आपण त्याला म्हणत होतो ‘मर’. मर म्हणजे झाड मेलं, एवढंच. का मेलं, ते या शब्दात नाही. ॲप बंद पडलं असं सांगितल्यानं बग सापडत नाही, तसंच हे. तुरीलाही मर लागते. तिची बुरशी बटलर या शास्त्रज्ञानं 1910 मध्येच नोंदवली होती, पण ती फ्युजारियम, म्हणजे वेगळी. डाळिंब वाळायला तर कारणं अनेक. मुळांवर सूत्रकृमी असू शकतात, खोडात भुंगेरा असू शकतो, बुरशी असू शकते. कधी कधी हे सगळे एकत्रच येतात.

1996 मध्ये आजारी झाडांच्या मुळांतून, खोडातून, फांद्यांतून एक बुरशी वेगळी केली गेली. सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा. नाव भारी आहे, पण अर्थ सोपा. फिम्ब्रिएटा म्हणजे झालर असलेली. या बुरशीच्या फळाला सुईसारखी लांब मान असते आणि मानेच्या टोकाला बारीक झालर. विज्ञानाला ती नवी नव्हतीच. 1890 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत रताळी काळी पडून सडत होती, तिथं तिची पहिली ओळख झाली.

ती पकडायची एक युक्ती तर स्वयंपाकघरातली वाटेल. आजारी लाकडाचा तुकडा गाजराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायचा आणि ओलावा टिकवायचा. साधारण आठवड्यात गाजरावर काळ्या सुया उभ्या राहतात, टोकाला बीजाणूंचा चिकट थेंब घेऊन. आणि वास? पिकलेल्या केळ्यासारखा! या वासावर किडे येतात आणि बीजाणू अंगाला चिकटवून पुढं नेतात, असं मानलं जातं.

नाव कळल्यावर प्रश्नच बदलला. ‘कुठलं औषध मारू?’ याच्या आधी ‘हे माझ्या रानात आलं कुठून?’ हे विचारता आलं. ही बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये घुसते. म्हणून आजारी खोड आडवं कापलं की लाकडात तपकिरी-करडे डाग दिसतात. जाड भिंतीचे बीजाणू मातीत टिकून राहतात. एका झाडाच्या मुळांतून ती शेजारच्या झाडात जाते. आणि लांबचा प्रवास? तो आपणच घडवतो. रोगट बागेतली गुटी, न धुतलेली छाटणीची कात्री, वाहून आलेलं पाणी.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. हिचीच एक बहीण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून युरोपात गेली, बहुधा दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांमधून. फ्रान्समधल्या प्रसिद्ध मिदी कालव्याच्या काठावर 2006 मध्ये ती सापडली, आणि तेव्हापासून तिथली हजारो जुनी झाडं तोडावी लागली. सैन्य असो की गुटीचा टेम्पो, बुरशीला दोन्ही सारखेच.

आणखी एक गोंधळ मिटवू. तेल्या आणि मर हे एक नाहीत. तेल्या हा जिवाणूचा रोग, पानांवर आणि फळांवर डाग पाडणारा. मर आतून पोखरते. तेल्याची फवारणी मरीवर मारली तर पैसे जातात आणि झाडही जातं.

2005 मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, तिथं या रोगांवर काम चालतं. पण झाडात खोलवर शिरलेली मर बाहेर काढणारं हमखास औषध आजही नाही. सगळा खेळ सुरुवातीचा आहे. निरोगी रोपं घ्यायची, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करायची, भारी जमिनीत पाणी तुंबू द्यायचं नाही, आणि मेलेलं झाड मुळासकट काढून जाळायचं. त्याच खड्ड्यात लगेच नवं रोप लावायचं नाही.

तुमच्या घरी बाग असेल आणि एकच फांदी पिवळी दिसली, तर ‘उन्हानं झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कापून लाकूड बघा. डाग दिसले, तर फोटो आणि तुकडा घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा. नाव कळायला तेव्हा सहा वर्षं गेली. आता सहा दिवससुद्धा घालवू नका.

भेटू पुढच्या भागात!