डोंगरात नौदल कशाला?

लोणावळ्यात आयएनएस शिवाजीची पाटी दिसली की पाहुणे हमखास विचारतात, "डोंगरात नौदल कशाला?" लहानपणी मीही बाबांना हेच विचारायचो. १५ फेब्रुवारी १९४५ पासून इथे नौदल आपल्या लोकांना जहाजांची यंत्रं शिकवतं, एवढंच ते सांगायचे.

पटलं मात्र दिलीप दोंदे यांच्यामुळे. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ साली दोंदे तयार झाले तेव्हा बोटच नव्हती! गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली, तेव्हा दोंदेही त्या कामात होते. २००९ साली मॉरिशसची सरावफेरी झाली, परतताना ते एकटे होते. मग १९ ऑगस्ट २००९ला मुंबई सोडली आणि चार बंदरं घेत १९ मे २०१०ला ते परतले. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी तीन वर्षांची.

भर समुद्रात काही मोडलं तर मेकॅनिक कुठून आणणार? ते आधी जमिनीवरच शिकून घ्यावं लागतं, मग ती गोव्याची असो की मावळातली.

बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं, तुमचं उत्तर बरोबर होतं. असो.