तांब्याचे भांडे आणि पेनिसिलिन : एका गंधकी वलयाचा इतिहास (थ्रेड)

श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्याला गंधक परका नाही. उसाच्या रसाला गंधकाची धुरी देऊन साखर पांढरी करण्याची रीत साखर कारखान्यांत रुळलेली आहे. तिथून दौंडमार्गे पुणे ओलांडून पुढे गेले की पिंपरी लागते. त्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि गंधकाचे एक निराळेच रूप महाराष्ट्रात तयार होऊ लागले : पेनिसिलिन.

कारखान्याला युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य केले. १९५५मध्ये उत्पादन सुरू झाले. तोवर हे औषध परदेशातून येई. न्यूमोनिया किंवा चिघळलेल्या जखमेचा रुग्ण वाचणार की नाही, हे कुपी हाताशी आहे की नाही यावर ठरे.

पेनिसिलिनच्या रेणूच्या गाभ्यात दोन वलये एकमेकांना चिकटलेली असतात. एक चार अणूंचे, ताणलेले. त्याचे नाव बीटा-लॅक्टम. दुसरे पाच अणूंचे, त्यात तीन कार्बन, एक नायट्रोजन आणि एक गंधक, ते थायाझोलिडीन. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९४५मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या दिग्गजाचा चार अणूंच्या वलयावर विश्वास नव्हता. स्फटिकाने हॉजकिन यांच्या बाजूने कौल दिला.

हे औषध धातूंपुढे मात्र दुबळे ठरले. तांबे, जस्त यांचे आयन द्रावणात आले की पेनिसिलिन निकामी होते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांना युद्धकाळातच आढळले होते. धातूचा आयन मधोमध आणि त्याला इलेक्ट्रॉनांची जोडी देणारे रेणू भोवती, अशा बांधणीला समन्वय संयुग म्हणतात. जोडी देणारा तो लिगंड. पेनिसिलिन तांब्याचा लिगंड होते, तांबे त्याच्या ताणलेल्या वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि पाण्याच्या माऱ्यापुढे ते वलय उघडते. कसबा पेठेतल्या तांबट आळीचे देखणे पातेले या औषधाला विषासमान! म्हणूनच पेनिसिलिन बनवताना तांबे-पितळेचा संपर्क कटाक्षाने टाळावा लागतो.

कथेचा रंजक भाग पुढे आहे. पेनिसिलिन मोडले की गंधकाचे वलयही उघडते आणि पेनिसिलामाइन हे छोटे अमिनो आम्ल सुटते. त्याचा गंधक आता मोकळा असतो, आणि नायट्रोजनच्या जोडीने तो तांब्याला घट्ट धरतो.

जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांना पेनिसिलिन घेणाऱ्या यकृतरुग्णाच्या मूत्रात हा पदार्थ सापडला होता. (१९४१मध्ये ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाला पुन्हा टोचण्यासाठी पेनिसिलिन त्याच्याच मूत्रातून परत मिळवावे लागले होते, या औषधाच्या इतिहासात मूत्राचा मान मोठा आहे.) पुढे बोस्टनमध्ये त्यांच्यासमोर विल्सन रोगाचा रुग्ण आला. या आनुवंशिक रोगात यकृतात आणि मेंदूत तांबे साचत जाते. तेव्हाचा उपाय म्हणजे वेदनादायक इंजेक्शने. वॉल्श यांना मूत्रातला तो पदार्थ आठवला. त्यांनी पहिली मात्रा स्वतः घेतली, मग रुग्णाला दिली. मूत्रावाटे तांबे बाहेर पडू लागले. १९५६मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि एरवी मरणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांना तोंडाने घेण्याचे औषध मिळाले.

जंतूंनीही धातूची हीच युक्ती साधली आहे. नवी दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात सापडलेल्या विकराचे वर्णन २००९मध्ये झाले. त्याच्या नावात दिल्ली घातल्यामुळे भारतात मोठा वाद पेटला. वादाच्या गदारोळात त्याची रचना मागे पडली : त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन आयन बसलेले असतात, आणि पेनिसिलिनचे तेच चार अणूंचे वलय ते उघडतात.